बुलेटवाल्याला दुसरी गाडी आवडली तर

ताई, नमस्कार. मी नागपूरचा, मनीषनगरात राहतो, वय ४२. घरी बाबांची १९८७ची बुलेट आहे. ते पाटबंधारे खात्यात होते, साइटवर तिच्यावरच जायचे. मी गाडी शिकलो तीही तिच्यावरच. २०१२ मध्ये स्वतःच्या पगारातून मी रॉयल एनफिल्डचीच क्लासिक ३५० घेतली. आमचा एनफिल्डवाल्यांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे निघतो, कधी रामटेक, कधी पेंचकडे, येताना तर्री-पोहे.

दिवाळीत साळ्यानं त्याची ट्रायम्फ स्पीड ४०० चालवायला दिली. काटोल रोडनं फेटरीच्या पुढपर्यंत गेलो आणि आलो. ताई, तेव्हापासून डोक्यात तीच गाडी आहे. ग्रुपमध्ये बोललो तर पोरं म्हणतात, 'गद्दार झाला का बे?' मजेनंच म्हणतात, पण लागतं. बाबा आता ७५ चे आहेत. गुडघ्यांमुळे चालवत नाहीत, पण मी बुलेट सुरू केली की बाहेर येऊन उभे राहतात. त्यांना काय वाटेल? बायको म्हणते, कोणतीही घ्या, मला मागं बसता आलं पाहिजे. घरी दोनच गाड्यांची जागा आहे, म्हणजे एक विकावी लागणार. गाडीसाठी एवढा विचार करायची लाजही वाटते, पण झोप लागत नाही हे खरं.

*

भाऊ, लाज अजिबात वाटू देऊ नका. लहानपणी ज्या गाडीच्या टाकीवर बसून फिरलात आणि मोठेपणी जिच्यावर हात बसला, तिचा प्रश्न आला की झोप उडणारच. ज्याला हे कळत नाही, त्यानं कधी कुठल्या गाडीला जीव लावलेला नसतो.

उत्तर आधी सांगून टाकते. ट्रायम्फ मनापासून आवडली असेल तर घ्या. विकायची झाली तर क्लासिक विका, बाबांच्या बुलेटला हात लावू नका. आणि आणखी तीन-चारदा, वेगवेगळ्या वेळी चालवून पाहिल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.

आता त्या 'गद्दार' शब्दाबद्दल. तुम्ही गाडी आधीच एकदा बदलली आहे, २०१२ मध्ये. बाबांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. चार गिअर, पहिला वर आणि बाकीचे खाली. सुरू करायची तर अँपिअरच्या काट्याकडे बघत, डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायची, पट्टी दाबून आधी पिस्टन जागेवर आणायचा आणि मग पूर्ण वजनानं किक मारायची. घाई केली की किक उलटी येऊन पाय सोलायची. तुमच्या क्लासिकमध्ये गिअर डावीकडे गेला, क्रम उलटा झाला, गिअर पाच झाले आणि बटण दाबलं की गाडी सुरू. इंजिनही निराळं. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, सिलिंडर बिडाचा. क्लासिकमध्ये इंजिन-गिअरबॉक्स एकाच कवचात. त्या वेळी तुमच्या उजव्या पायानं किती तरी दिवस गिअर समजून ब्रेक दाबला असेल. क्लासिकवरून ट्रायम्फवर जाताना पायांना असं काहीच नव्यानं शिकावं लागणार नाही. तरी २०१२ मध्ये तुम्हाला कुणी गद्दार म्हटलं नाही, कारण टाकीवरचं नाव तेच होतं.

ते नाव तरी एका जागी कुठं थांबलं? इंग्लंडमधल्या रेडिच गावात १९०१ मध्ये पहिली रॉयल एनफिल्ड मोटरसायकल बनली. आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाड्या हव्या होत्या, त्यांनी बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडचा मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालत राहिला. १९९४ मध्ये तो आयशरकडे गेला. बिडाचं इंजिन २०१० च्या सुमारास निवृत्त झालं. मग २०२० मध्ये मीटिओर या नव्या मॉडेलबरोबर आणखी नवं इंजिन आलं, २०२१ मध्ये ते क्लासिकमध्ये बसलं आणि २०२३ मध्ये बुलेटमध्येही. म्हणजे आज शोरूममधली बुलेट आणि तुमच्या अंगणातली बुलेट यांत नाव आणि साधारण रूप सोडलं तर फारसं सामाईक उरलेलं नाही. कंपनीनं हे केलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे. प्रदूषणाचे नियम बदलत होते, आणि गाडीखाली ठिबकणाऱ्या ऑइलचं कौतुक नवी पिढी कशाला करेल? पण हे बदल करताना तिनं तुमच्या बाबांना विचारलं नव्हतं. तिची गरज तिनं पाहिली. तुमची गरज तुम्ही पाहिली तर त्यात बेइमानी कसली?

ट्रायम्फची कहाणीही अशीच वळणावळणाची आहे. पहिली मोटरसायकल १९०२ ची, कारखाना कॉव्हेन्ट्रीचा. १९८३ मध्ये जुनी कंपनी बुडाली, मग नव्या मालकानं नाव विकत घेऊन ती पुन्हा उभी केली. २०२० मध्ये बजाजशी भागीदारी झाली आणि २०२३ मध्ये आलेली स्पीड ४०० पुण्याजवळ चाकणला बनते. जिथं केटीएमच्याही गाड्या बनतात, तिथंच. इंग्रजी नावाची मद्रासची गाडी आणि इंग्रजी नावाची चाकणची गाडी, यांत तुमची निवड चालली आहे. त्यात घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न मला तरी कुठं दिसत नाही.

माझ्या माहेरी येझदी होती, त्यामुळे निष्ठेची ही ओढ मला ऐकून माहीत नाही, पाहून माहीत आहे. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्या गाड्यांना ना कंपनी होती ना शोरूम. तरी त्या रस्त्यावर राहिल्या त्या मिस्त्र्यांमुळे आणि एकमेकांना पार्ट शोधून देणाऱ्या मालकांमुळे. अजूनही जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी एकत्र जमतात. निष्ठा म्हणून मला जे दिसतं ते हे आहे, आणि ते सगळं माणसांमधलं आहे. तुमच्या ग्रुपमध्येही मनसरच्या पुढे कुणाची चेन तुटली तर सगळे थांबत असतील. थांबणाऱ्या त्या मित्रांशी तुमचं नातं आहे. ते जपायचं. ट्रायम्फ घेतल्यावर तुम्ही रविवारी निघणार नाही, असं कुठं आहे?

ग्रुपला एक प्रश्न जरूर विचारा. तुमच्यात कुणी एनफिल्डचीच नवी हिमालयन ४५० घेतली आहे का? बहुतेक असेलच. तिचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, ४५२ सीसीचं, ताकद ४० पीएस. तिच्यात बुलेटचा ठोका औषधालाही नाही. स्पीड ४०० चं इंजिन पाण्यानं थंड होणारं, ३९८ सीसीचं, ताकद तीच ४० पीएस. इंजिनाच्या स्वभावानं पाहिलं तर नवी हिमालयन तुमच्या क्लासिकपेक्षा ट्रायम्फला जास्त जवळची आहे. तिला ग्रुपमध्ये जागा मिळते आणि ट्रायम्फला मिळत नाही, तर मग अडचण फक्त टाकीवरच्या अक्षरांची आहे. हे भांडून सांगू नका. एखाद्या रविवारी पोह्यांच्या गाडीजवळ उभे असताना शांतपणे विचारा. ग्रुप चांगला असेल तर विचार करेल.

एवढं सगळं बोलले ते तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून. गाडी घ्यावी की नाही, हा हिशेब याहून निराळा आहे आणि त्यात मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे.

काटोल रोडवर तुम्हाला नेमकं काय आवडलं, ते ओळखा. तुमच्या क्लासिकमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. पिस्टन लांब पल्ला चालतो, म्हणून इंजिन हळू फिरतं आणि शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनासारखा एकेक ठोका सुटा ऐकू येतो. ओढही (टॉर्क) खालीच मिळते, इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास. स्पीड ४०० मध्ये उलट आहे, व्यास ८९ आणि प्रवास ६४. पिस्टन आखूड पल्ल्यात झरझर खालीवर होतो. तिची ओढ क्लासिकपेक्षा बरीच जास्त, ३७.५ न्यूटन-मीटर, पण ती पूर्ण मिळते साडेसहा हजार फेऱ्यांवर, आणि पूर्ण ताकद आठ हजारांवर. मोकळ्या रस्त्यावर मूठ पिळली आणि गाडी सुटली, ती झिंग इथली आहे. खरीच आहे ती, खोटी नाही. पण तुमची रोजची गाडी मनीषनगर ते ऑफिस असेल, त्यात गिअर न बदलता चाळीसच्या वेगानं निवांत जायची तुम्हाला सवय असेल, तर तीच गाडी तुम्हाला सारखा गिअर बदलायला लावेल. काहींना ते आवडतं, काहींना महिनाभरात कंटाळा येतो. तुम्ही कोण, हे फेटरीपर्यंतच्या एका फेरीत कळणार नाही.

आणि नागपुरात वेग वापरणार कुठं? समृद्धी महामार्ग आपल्या दारातून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. राहिला अमरावती रोड, वर्धा रोड आणि जबलपूरकडचा रस्ता, ट्रक आणि मधेच वळणाऱ्या ट्रॅक्टरांसकट. म्हणून वेगासाठी घेत असाल तर मी नको म्हणेन.

ब्रेकसाठी घेत असाल तर मात्र आजच हो. माझ्या मते तुमच्याकडे गाडी बदलायचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. तुमच्या २०१२ च्या क्लासिकला पुढं डिस्क, मागं ड्रम आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आपल्याकडे एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ पासून. मनसर ओलांडून पेंचच्या जंगलाच्या कडेनं पहाटेच्या अंधारात जाताना रानडुक्कर किंवा चितळ आडवं आलं आणि तुम्ही घाबरून ब्रेक दाबला, तर एबीएस नसलेल्या गाडीचं चाक जागीच लॉक होतं आणि गाडी हातात राहत नाही. पहिल्या पावसात सिमेंट रोडवर मातीचा पातळ चिखल होतो, तेव्हाही तेच. मागं वहिनी बसलेल्या असताना हा फरक फार मोठा आहे. हं, दोन्ही चाकांना एबीएस आजच्या क्लासिकमध्येही मिळतं आणि होंडाच्या सीबी ३५० मध्येही. त्यामुळे या कारणानं फक्त ट्रायम्फच घ्यावी लागते असं नाही. सीबी ३५० एकदा चालवून बघाच. ठोका आणि सफाई यांच्या मधली गाडी आहे ती, आणि तुमच्यासारख्या माणसाला आवडायची शक्यता मला बरीच वाटते.

चालवून कशी बघायची तेही सांगते. साळ्याकडून गाडी दोन दिवसांसाठी मागून घ्या, शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीत काही समजत नाही. घाई नसेल तर एप्रिल-मेपर्यंत थांबा. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गाडीची खरी परीक्षा त्यातच होते. दुपारी दोनच्या सुमारास सीताबर्डीकडून व्हरायटी चौकात या, दोन-तीन सिग्नल अडकून पडा. पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीचा पंखा अशा वेळी सुरू होतो आणि रेडिएटरची गरम हवा नडगीवर येते. बुलेटही अशा गर्दीत तापतेच, पण तिची आंच वेगळी आणि तुमच्या सवयीची आहे. ही नवी आंच सोसवते का, ते पायांना ठरवू द्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींना मागं बसवून रामटेकला जा, गडावर गाडी चढवा आणि परत या. क्लासिकच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसायची त्यांना सवय आहे. स्पीड ४०० ही मुळात चालवणाऱ्याचा विचार करून बनवलेली गाडी आहे, तिची मागची सीट लहान. परत आल्यावर त्यांची कंबर काय म्हणते, ते ऐका. त्या म्हणाल्या 'नाही जमत', तर ट्रायम्फचा विषय तिथंच संपवा. 'सवय होईल' असं त्यांना समजावत बसू नका. महिन्यातून एकदा येणाऱ्या झिंगेसाठी रोज मागं बसणाऱ्या माणसाची गैरसोय करणं मला पटत नाही.

तुमच्या मिस्त्रीकडेही जा. बुलेटचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल झालं की प्लग गेला ते सांगतो. नव्या गाडीत त्याला बरंच काही करता येणार नाही, कॉम्प्युटर लावून दोष वाचावा लागतो, म्हणजे सर्व्हिस सेंटरवर अवलंबून राहणं आलं. म्हणून शनिवारी सकाळी ट्रायम्फच्या सर्व्हिस सेंटरबाहेर थोडा वेळ उभे राहा आणि गाडी घ्यायला आलेल्या मालकांशी बोला. पार्ट किती दिवसांत येतो, सर्व्हिसचं बिल साधारण किती येतं, उन्हाळ्यात काय त्रास होतो. विकणारा पोरगा हे सांगणार नाही, मालक हमखास सांगतात.

आता बाबा. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात ग्रुपची वाक्यं आहेत, वहिनींचं आहे, बाबांचं एकही नाही. 'त्यांना काय वाटेल' हा प्रश्न तुम्ही मला विचारला, त्यांना विचारलेला दिसत नाही. ते बाहेर येऊन उभे राहतात ते त्यांच्या बुलेटसाठी. तुमच्या क्लासिकवर त्यांचा तसाच जीव आहे का, तुम्हीच आठवून पाहा. गाडी बुक करायच्या आधी त्यांना सांगा, नंतर नको. साळ्याची गाडी अंगणात आणून उभी करा, त्यांना हात लावून बघू द्या. ज्या माणसानं कच्च्या रस्त्यांवर साइट ते साइट गाडी चालवली, त्याला यंत्राची पारख तुमच्या ग्रुपइतकीच, कदाचित जास्तच असेल. त्यांनी नाक मुरडलं तरी हरकत नाही. मुलानं घेतलेली गाडी बापाला आवडलीच पाहिजे, असा काही नियम नाही. पण मागून कळलं तर दुखावतील, आणि ते गाडीमुळे नसेल.

त्यांची बुलेट मात्र शोभेची करून ठेवू नका. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. त्या काळातले रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधलं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. मिस्त्रीला सांगून ते बदलून घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवा. तिच्या आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं, शेवटची तारीख आजच बघून ठेवा.

पैशाचं आणि कागदांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के आहे. म्हणून घ्यायच्या मॉडेलचं इंजिन किती सीसीचं, ते आधी पाहा आणि शोरूमच्या किमतीवर न जाता ऑन-रोड किमतीचा कागद मागा. तुमच्या क्लासिकची पंधरा वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतील. त्यानंतर आरटीओत नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच, आणि घेणारा त्या हिशेबानं भाव पाडतो. विकायची असेल तर त्याआधी विका. एक्सचेंजमध्ये देण्याआधी ग्रुपमध्ये विचारा, तुमची गाडी जवळून पाहिलेला माणूस डीलरपेक्षा बरा भाव देईल.

विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः आरटीओच्या पोर्टलवर तपासा. घेणारा ओळखीचा असला तरी तपासा. कागदोपत्री मालक तुम्ही असाल तोवर तिच्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. ई-चलानही तुमच्याच मोबाइलवर येत राहतील. आणि क्लासिकचा विमा तुम्ही दरवर्षी नुसता थर्ड पार्टी न काढता पूर्ण, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट, काढत आला असाल, मधे क्लेम केला नसेल, तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं. शोरूमवाले आपण होऊन याची आठवण करून देतीलच असं नाही, तेव्हा नव्या गाडीचा विमा काढायच्या आधी तुम्हीच ते टेबलावर ठेवा.